पाण्यात आपलीच माणसं असताना डेप्थ चार्ज का टाकले? आय-२७ पाणबुडीचा शेवट

प्रश्न थोडक्यात असा आहे: १२ फेब्रुवारी १९४४ रोजी मालदीवजवळ 'पेटार्ड' या ब्रिटिश विनाशिकेनं जपानी पाणबुडी आय-२७ वर हल्ला करताना, बुडालेल्या जहाजातून वाचून पाण्यात पोहत असलेल्या आपल्याच माणसांमध्ये डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली ठरवलेल्या खोलीवर फुटणारे बॉम्ब, टाकले, हे खरं का? कप्तानाकडे दुसरा मार्ग नव्हता का? पाणबुडी पृष्ठभागावर आल्यावरही दोन विनाशिकांना ती बुडवायला इतका वेळ का लागला? आणि अशा लढायांत भारतीय नौदल कुठे होतं का?

मी नौदलात पाणबुडीविरोधी शाखेत होतो. कोचीच्या प्रशिक्षण शाळेत शिकलो आणि नोकरीतली बरीच वर्षं सोनारसमोर, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रासमोर, काढली. त्यामुळे उत्तर त्या बाजूनं देतो. या घटनेबद्दल लिहिणारे बहुतेक जण कप्तानाला एकतर क्रूर ठरवतात नाहीतर पोलादी मनाचा वीर. पाण्याखाली काय दिसतं, काय ऐकू येतं आणि हातातलं शस्त्र काय करू शकतं, याचा विचार कमीच होतो.

आधी घटना. हे खरं आहे.

मोंबासाहून कोलंबोकडे पाच सैन्यवाहू जहाजांचा ताफा निघाला होता. त्याचं नाव केआर-८. 'खेदिव्ह इस्माईल', 'सिटी ऑफ पॅरिस', 'वर्सोवा', 'एक्मा' आणि 'एलेंगा'. यातली शेवटची तीन ब्रिटिश इंडिया कंपनीची जहाजं. सोबतीला 'हॉकिन्स' ही पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधलेली जुनी क्रूझर आणि 'पेटार्ड' व 'पॅलॅडिन' या दोन विनाशिका. खेदिव्ह इस्माईलवर १,५११ माणसं होती. त्यात पूर्व आफ्रिकन तोफखान्याच्या ३०१ व्या फील्ड रेजिमेंटचे जवळपास हजार जवान, नौदलाचे लोक, आणि ८३ स्त्रिया, बहुतेक लष्करी परिचारिका. दुपारी अडीचच्या सुमारास, जहाजावर गाण्याबजावण्याचा कार्यक्रम चालू असताना, दोन टॉर्पेडो लागले. जहाज दोन मिनिटांच्या आत गेलं. खालच्या डेकवर असलेल्यांना जिन्यापर्यंतही पोचता आलं नाही. एकूण १,२९७ जण गेले. वाचले २०८ पुरुष आणि फक्त ६ स्त्रिया. राष्ट्रकुल देशांच्या इतिहासात सेवेतल्या इतक्या स्त्रिया एकाच घटनेत कधी गेल्या नव्हत्या.

उरलेली चार जहाजं नियमाप्रमाणे तिथून पांगली. पॅलॅडिननं बोटी उतरवून माणसं उचलायला सुरुवात केली. पेटार्ड पाणबुडी शोधायला लागली, आणि तिला प्रतिध्वनी मिळाला तो जिथे माणसं पोहत होती त्याच भागात. पेटार्डचे कप्तान होते रूपर्ट ईगन. त्यांनी हल्ल्याचा हुकूम दिला. माणसं पाण्यात असताना चार्ज फुटले आणि त्यात काही माणसं गेली.

आता हा हुकूम ज्या परिस्थितीत दिला गेला ती बघू.

त्या काळातलं सोनार म्हणजे अ‍ॅस्डिक. जहाजाच्या तळाखालून आवाजाचा एक झोत एका दिशेनं सोडायचा आणि तो कशावर आपटून परत येतो का ते ऐकायचं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. म्हणजे दीड किलोमीटरवरच्या पाणबुडीवरून परतलेला आवाज दोन सेकंदांनी कानावर येतो. चांगला ऑपरेटर त्या आवाजाच्या पट्टीतल्या किंचित चढउतारावरून ती जवळ येतेय की लांब जातेय हे सांगतो. जहाज जसं जवळ जातं तसं 'पिंग' आणि प्रतिध्वनी यांच्यातलं अंतर आखडत जातं, दोन्ही एकमेकांत मिसळू लागतात, आणि शेवटचे दीडदोनशे मीटर झोत पाणबुडीच्या डोक्यावरून निघून जातो. नेमक्या मोक्याच्या क्षणी जहाज आंधळं होतं. ऑपरेटरच्या खोलीत त्या वेळी जी शांतता पसरते ती वाईट असते. इकडे घड्याळ चालू असतं आणि तुम्हाला फक्त शेवटची दिशा ठाऊक असते.

हिशोब करून बघा. पंधरा नॉटनं धावणारी विनाशिका सेकंदाला साधारण पावणेआठ मीटर जाते. शेवटचे २०० मीटर पार करायला पंचवीसेक सेकंद. मग चार्ज मागून सुटतो आणि सेकंदाला तीनेक मीटर वेगानं बुडतो. ४५ मीटर खोलीवर फुटणार असेल तर आणखी पंधरा सेकंद. एकूण चाळीस. एवढ्या वेळात चार नॉटनं सरकणारी पाणबुडी ऐंशी मीटर दुसरीकडे गेलेली असते. आणि त्या काळच्या ब्रिटिश चार्जमध्ये १३० किलोच्या आसपास स्फोटक असलं तरी पाणबुडीचं दाबकवच फोडायला तो सहासात मीटरच्या आत फुटावा लागे. त्यापलीकडे तो धक्का देतो, दिवे फोडतो, झडपा सैल करतो, पण बुडवत नाही. म्हणूनच चार्ज एकेक टाकत नाहीत, पाच-दहाचा संच टाकतात आणि वेगवेगळ्या खोलीला लावतात. म्हणूनच एका फेरीत काम होत नाही. पेटार्डला तीन फेऱ्या कराव्या लागल्या.

माणसाच्या शरीराचं गणित याच्या नेमकं उलटं आहे. पाण्यातल्या स्फोटाची लाट मांसातून जवळपास पाण्यासारखीच निघून जाते. जिथे हवा आहे, म्हणजे फुप्फुसं आणि आतडी, तिथे ती सगळा जोर काढते. बाहेरून एक ओरखडा नाही आणि आतून माणूस संपलेला. त्यासाठी सहासात मीटर लागत नाहीत, त्याच्या कित्येक पट अंतर पुरतं. लाइफ जॅकेट घालून सरळ उभा तरंगणारा माणूस सगळ्यात वाईट अवस्थेत असतो, कारण छाती आणि पोट दोन्ही पाण्याखाली असतात. ज्या शस्त्राची पाणबुडीवरची पकड इतकी कमी, त्याची पोहणाऱ्या माणसावरची पकड इतकी जास्त. ईगन यांना हे ठाऊक होतं. १९४४ पर्यंत विनाशिकेवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मग थांबले का नाहीत?

मला विचाराल तर याचं उत्तर सूर्यास्ताच्या वेळेत आहे. विषुववृत्ताजवळ सहाच्या सुमारास अंधार होतो. म्हणजे हातात तीन-साडेतीन तास. आय-२७ ही बी-१ वर्गातली पाणबुडी. पाण्याखाली तिचा वेग जेमतेम आठ नॉट, आणि तोही थोडा वेळ, कारण बॅटरी संपते. पण पृष्ठभागावर डिझेलवर ती साडेतेवीस नॉट धावू शकायची. तिच्याकडे एकूण १७ टॉर्पेडोंची जागा होती. अंधार पडेपर्यंत तिला गाडून ठेवता आलं नाही, तर रात्री ती वर येऊन उरलेल्या चार जहाजांना सहज गाठू शकली असती, कारण सैन्यानं भरलेली जुनी जहाजं तिच्या वेगाच्या जवळपासही नव्हती. त्या चार जहाजांवरही हजारो माणसं होती. शिवाय पॅलॅडिन तिथेच बोटी उतरवून जवळजवळ थांबलेली. थांबलेली विनाशिका म्हणजे पाणबुडीच्या कप्तानासाठी चालून आलेली संधी.

'पाणबुडीला नुसतं प्रतिध्वनीत धरून ठेवायचं, माणसं आधी काढायची आणि मग हल्ला करायचा' असा सल्ला आज द्यायला सोपा आहे. मी तो सल्ला मानत नाही. गरम समुद्रात शांत दुपारी पाण्याचा वरचा थर तापतो आणि पाण्यात घातलेली काठी वाकडी दिसावी तसा आवाजाचा झोत खाली वाकतो. थोड्या अंतरावरची पाणबुडीसुद्धा मग ऐकू येत नाही. नौदलांनी हा दुपारचा परिणाम युद्धाच्या आधीच ओळखला होता. अरबी समुद्रात आणि मालदीवच्या आसपास काम केलेल्या कुणालाही विचारा, सकाळी पाच किलोमीटरवर मिळणारा प्रतिध्वनी दुपारी तीनला दीडवर मिळत नाही. त्यात भर म्हणजे नुकतंच एक मोठं जहाज खाली गेलेलं. तुटणाऱ्या भिंतींचा कडकडाट, वर येणाऱ्या हवेचे ढग, घुसळलेलं पाणी. यातलं काहीही प्रतिध्वनी देतं. अशा गोंधळात मिळालेला एक खरा प्रतिध्वनी सोडला तर तो पुन्हा मिळेलच, असं म्हणायला कुठलाही ऑपरेटर धजणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे: हुकूम बरोबर होता. आणि त्याच दमात हेही म्हणतो, की त्या हुकमानं गेलेल्या माणसांचा हिशोब पाणबुडीच्या यशाखाली झाकून टाकू नये. ती माणसं टॉर्पेडोतून वाचली होती. पोहत होती. त्यातल्या काहींना पेटार्ड आपल्या दिशेनं येताना बघून सुटका आली असंच वाटलं असणार. पेटार्डच्या डेकवरून चार्ज ढकलणारे खलाशी त्यांचे चेहरे बघू शकत होते.

जी चूक खरी म्हणायला हवी ती आधीच झालेली होती. हजारो सैनिक नेणाऱ्या पाच जहाजांना दोन विनाशिका. क्रूझर मोठी दिसते, पण पाणबुडीपुढे ती राखणदार नसून आणखी एक सावज असते. चार विनाशिका असत्या तर एक माणसं काढायला, दोन प्रतिध्वनी धरायला आणि एक ताफ्यासोबत अशी विभागणी झाली असती, आणि कप्तानाला थोडी तरी सवड मिळाली असती. दोनच असल्यावर एक माणसं काढते आणि दुसरी एकटी शिकार करते. ईगन यांच्यासमोरची निवड ताफा मोंबासाहून निघाला तेव्हाच ठरून गेली होती. त्या काळात हिंदी महासागरातलं ब्रिटिशांचं आरमार, म्हणजे 'ईस्टर्न फ्लीट', कायम राखणदार जहाजांच्या टंचाईत होतं, कारण अटलांटिक आणि भूमध्य समुद्राची मागणी आधी पुरी व्हायची.

आय-२७ चा कप्तान तोशिआकी फुकुमुरा मुद्दाम माणसांखाली लपला, असं खूप ठिकाणी छापलेलं दिसेल. मला ते तितकं पक्कं वाटत नाही. टॉर्पेडो मारल्यावर ताफ्याच्या पोटाखाली शिरणं ही पाणबुडीची जुनी खेळी. बुडत्या जहाजाच्या कल्लोळात तिचा आवाज लपतो आणि राखणदार बाहेरच्या बाजूला शोधत बसतात. वर माणसं आहेत हे त्याला पेरिस्कोपमधून दिसलं असेल किंवा नसेलही. तो आणि त्याचे जवळपास शंभर खलाशी गेले, त्यामुळे हेतूबद्दल ठामपणे बोलण्यासारखं हाताशी काही नाही. जागा मात्र त्यानं हुशारीनं निवडली होती.

आता दुसरा भाग, वेळ का लागला.

तिसऱ्या फेरीनंतर आय-२७ वर आली. चार्जच्या धक्क्यांनी आत पाणी शिरत असेल, बॅटरी किंवा पंप गेले असतील, तर पाणबुडीपुढे दोनच वाटा उरतात: खाली चिरडून जाणं किंवा वर येऊन तोफेनं लढणं. तिच्यावर १४ सेंटिमीटरची तोफ होती, विनाशिकांच्या चार इंची तोफांपेक्षा मोठी. म्हणून दोन्ही विनाशिकांनी डेकवर मारा चालू ठेवला, जपानी तोफचींना तोफेपर्यंत पोचू दिलं नाही.

पण पाणबुडी बुडेना. लोकांना इथे आश्चर्य वाटतं. पाणबुडीचं आतलं कवच समुद्राचा दाब सहन करण्यासाठी बांधलेलं गोल पोलादी नळकांडं असतं. त्यातला बहुतेक भाग पाण्याखालीच राहतो. वर दिसतो तो कोनिंग टॉवर, म्हणजे डेकवरचा बुरूज, आणि पातळ बाहेरचं आवरण. पातळ पत्र्यावर फुटणारा चार इंची स्फोटक गोळा टॉवरची चाळण करतो, माणसं मारतो, पण आतल्या कवचाला भोक पाडत नाही. गोलाईवर तिरका लागला तर घसरूनच जातो.

मग पॅलॅडिननं धडक द्यायची तयारी केली. इथे आकडे शेजारी ठेवून बघा. पॅलॅडिनची लांबी सुमारे १०५ मीटर, वजन पंधराशे टनांच्या थोडं वर. आय-२७ ची लांबी १०८ मीटरहून जास्त आणि पृष्ठभागावरचं वजन अडीच हजार टनांपेक्षा जास्त. पाणबुडीच मोठी होती! विनाशिकेचा पत्रा वेगासाठी पातळ ठेवलेला असतो. धडक दिली असती तर दोघींपैकी आधी कोण फुटलं असतं हे सांगणं कठीण. अटलांटिकमध्ये मार्च १९४१ मध्ये 'व्हॅनॉक'नं यू-१०० ला धडकून बुडवलं होतं, पण ती जर्मन पाणबुडी आय-२७ च्या तिसऱ्या हिश्श्याची होती. ईगन यांनी पॅलॅडिनला धडक देऊ नकोस असा इशारा केला. तिनं ऐनवेळी सुकाणू फिरवलं, पण पाणबुडीच्या बाजूला पंखासारख्या निघालेल्या पात्यानं, ज्याच्या जोरावर पाणबुडी खालीवर होते, तिचा तळ फाडला. पॅलॅडिन लढाईतून बाद झाली. दोनातली एक उरली.

शेवटी पेटार्डनं टॉर्पेडो काढले. एकेक करून सोडले आणि सहा चुकले. हेही ऐकायला विचित्र वाटतं, पण टॉर्पेडो हे मोठ्या, खोल तळाच्या जहाजांसाठीचं शस्त्र. पृष्ठभागावरच्या पाणबुडीचा तळ पाचेक मीटरच खाली असतो, त्यामुळे टॉर्पेडो उथळ लावावा लागतो. उथळ लावला की लाटेचा परिणाम होतो, तो उसळतो किंवा दिशा सोडतो. त्यात लक्ष्य बारीक. मोठ्या जहाजावर मारताना तीन-चार टॉर्पेडो पंख्यासारखे सोडतात म्हणजे एक तरी लागतो. इथे जपून जपून एकेक सोडायचे होते, कारण संपले तर हातात काही उरलं नसतं. सातवा लागला आणि आय-२७ फुटून गेली. पहिल्या टॉर्पेडोपासून इथपर्यंत साधारण अडीच तास. नंतर पेटार्डनं पॅलॅडिनला ओढत मालदीवमधल्या अड्डू अ‍ॅटॉल या बेटसमूहाला नेलं.

पेटार्डबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात याच जहाजाच्या माणसांनी बुडत्या यू-५५९ या जर्मन पाणबुडीत उतरून एनिग्मा या जर्मन संदेशयंत्राच्या सांकेतिक वह्या बाहेर काढल्या होत्या. त्यांतले अँथनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर त्या पाणबुडीसोबतच बुडाले. त्यानंतर डिसेंबरमध्ये पेटार्डनं इटलीची 'उआर्शेक' ही पाणबुडी ताब्यात घेतली. आय-२७ धरून जर्मनी, इटली, जपान या तिन्ही नौदलांच्या पाणबुड्या या एका विनाशिकेच्या नावावर आहेत. सांगायचं कारण, मालदीवजवळ हुकूम पाळणारे लोक नवखे नव्हते.

राहिला आपल्या नौदलाचा प्रश्न. तुम्ही विचारलेल्या घटनेच्या बरोबर एक दिवस आधी, ११ फेब्रुवारी १९४४ रोजी, विशाखापट्टणमजवळ जपानी पाणबुडी आरओ-११० नं कोलंबोहून कलकत्त्याला निघालेल्या जेसी-३६ या ताफ्यावर हल्ला केला. 'अस्फेलियन' या मालवाहू जहाजाला टॉर्पेडो लागला, पण ते बुडालं नाही. राखणीला असलेली रॉयल इंडियन नेव्हीची 'जमना' आणि ऑस्ट्रेलियाच्या 'लॉन्सेस्टन' व 'इप्सविच' यांनी डेप्थ चार्जनी ती पाणबुडी संपवली. एक भारतीय आणि दोन ऑस्ट्रेलियन अशी तीन राखणदार जहाजं पाठलागाला मोकळी होती, आणि पाणी मोकळं होतं. जमनाच्या कप्तानाला ईगन यांच्यासारखी निवड करावी लागली नाही. त्याच वर्षी १२ ऑगस्टला सेशेल्सजवळ 'गोदावरी' आणि ब्रिटिश 'फाइंडहॉर्न' यांनी मिळून जर्मन यू-१९८ बुडवली. तिच्यावरचे सगळे ६६ जण गेले.

१९७१ चा उल्लेख टाळता येत नाही. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'नं आपली युद्धनौका 'खुकरी' बुडवली, तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. वाचलेल्या ६७ जणांना आपल्याच 'कच्छल' या जहाजानं दुसऱ्या दिवशी उचललं. ती माणसं रात्रभर पाण्यात का राहिली, असं घरच्या लोकांनी विचारणं स्वाभाविकच आहे. पाणबुडी जवळ असताना माणसं काढायला थांबणं म्हणजे काय, हे वर पॅलॅडिनच्या बाबतीत सांगितलंच आहे.

जमना, गोदावरीसारख्या जहाजांवर अ‍ॅस्डिक चालवणारी भारतीय पोरं कुठे शिकली, याचं उत्तर मुंबईतच आहे. युद्धकाळात वर्सोव्याला 'मछलीमार' नावाची पाणबुडीविरोधी प्रशिक्षण शाळा होती. फेब्रुवारी १९४६ च्या नौदल उठावात तिथले नौसैनिकही उतरले. त्या काळच्या नौदलात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्पिढ्या होती. तुमच्या किंवा ओळखीच्या घरात आजोबा-पणजोबांचं जुनं सेवापुस्तक असेल आणि त्यात 'मछलीमार', 'जमना' किंवा 'गोदावरी' यांतलं एखादं नाव दिसलं, तर ते पान आधी नीट स्कॅन करून घ्या. तारखा आणि हुद्दा वाचता येत असेल तर त्या माणसानं हेडफोन लावून यातलं काय ऐकलं असेल, याचा बराचसा अंदाज बांधता येतो, आणि त्या कामात मदत करायला मला आवडेल.